आमच्या हॉलमधली सेंद्रिय चिलटं

आमचे हे सहकारी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी त्यांना शाल, नारळ आणि एक मनी प्लँट दिला. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली आणि मनी प्लँट टीव्हीशेजारी बसला. संकटं आमच्याकडे अशीच येतात, भेटवस्तू म्हणून.

महिन्याभरात त्या मनी प्लँटला नवीन पान फुटलं. जन्मभर लोकांच्या थकलेल्या कर्जाच्या फायली बघितलेल्या माणसाला आपल्या डोळ्यांदेखत काहीतरी वाढताना दिसलं की त्याचं काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. तो कुंड्या आणतो. आधी खिडकीत, मग शोकेसवर, मग डायनिंग टेबलच्या त्या टोकाला जिथं पूर्वी माणसं जेवायची. पीस लिली आली, स्नेक प्लँट आला, फर्न आलं. स्वयंपाकघरात कढीपत्ता आणि पुदिना आला. शाहूपुरीतला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली दुकानं आहेत आणि हॉलमध्ये ऊन फक्त पाहुण्यासारखं येतं, घटकाभर. पण हौसेला ऊन लागत नाही.

आणि हे सगळं सेंद्रिय. "ज्या घरात आपण श्वास घेतो, त्या घरात विषाचा एक थेंबही येणार नाही," असं यांनी मला बजावलं. हे बजावताना त्यांच्या गालात तंबाखूची गोळी होती. मी शाळेत भूगोल शिकवते, शेती हा धडा माझ्याकडे फक्त नकाशापुरता असतो.

खत घरचं हवं म्हणून हे गडमुडशिंगीला गेले. तिथं यांचं वडिलोपार्जित रान आणि गोठ्यामागं शेणखताचा खड्डा. त्यातून दोन पोती भरून आणली. खत पुरतं कुजलं होतं की नाही, हे लिफ्टमध्ये त्या पोत्यांबरोबर वर आलेल्या शेजारणीला विचारावं. ती दुसऱ्या दिवसापासून जिन्यानं जायला लागली.

खत घातल्यानंतर काही दिवसांनी माझ्या चहात पहिलं चिलट पडलं. मी ते चमच्यानं काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुसरं पडलं. हे म्हणाले, "तू केळी उघडी ठेवतेस." मी केळी झाकली. मग म्हणाले, "बेसिन स्वच्छ नाही." मी बेसिन घासलं. मग एके दिवशी यांनीच लिलीच्या कुंडीत पाणी ओतलं आणि मातीतून चिलटांचा एक छोटा ढग उठला. हे दोन पावलं मागं सरकले. मी टेबलावरची केळी उघडली, एक सोलली आणि त्यांच्यासमोर उभी राहून खाल्ली.

त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. उलट त्यांचा चेहरा उजळला. निवृत्त माणसाला काम मिळालं होतं. कपाटातलं जुनं भिंग काढून ते कुंडीवर ओणवे झाले आणि तासभर त्यांनी मान वर केली नाही. "इकडे ये, हे बघ," ते म्हणाले. मातीच्या वरच्या थरात दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या, डोकी काळी चकचकीत. "ओल्या मातीत अंडी घालतात. अळ्या बुरशी खातात, मुळांची तूस खातात. वर उडतायत ती नुसती वरात आहे, लग्नघर खाली आहे."

"मग ते लग्न मोडा," मी म्हटलं.

त्याच सुमाराला आबा आमच्याकडे राहायला आले. आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावरही ते गडमुडशिंगीत एकटे राहायचे, पण गोठ्यात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी एकटं राहायला मनाई केली. रान पुतण्याला वाट्यानं दिलं. म्हैस विकली. म्हैस गेली त्या दिवशी ते रस्त्यापर्यंत काठी टेकत गेले आणि परत येऊन जेवले नाहीत, असं पुतण्यानं सांगितलं. आमच्याकडे त्यांना हॉलमधली खिडकीजवळची खुर्ची दिली. बसल्या जागेवरून त्यांना टीव्ही दिसायचा आणि सगळ्या कुंड्या दिसायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "ह्ये काय पीक म्हणायचं?"

"आबा, ही शोभेची झाडं आहेत," हे म्हणाले.

"खायाला काय येतंय ह्येला?"

"खायला नाही. ऑक्सिजन मिळतो."

आबांनी खिडकीबाहेर बघितलं. "त्यो भाईर न्हाय व्हय?"

हे मोबाईलवर चिलटांचे उपाय बघत होते. जगातल्या प्रत्येक माणसाच्या घरात चिलटं आहेत आणि प्रत्येकाकडे एक खात्रीचा उपाय आहे, हे मला तेव्हा कळलं. आधी दालचिनीची पूड. माझ्या मसाल्याच्या डब्यातली सगळी दालचिनी मातीवर भुरभुरली गेली. हॉलला आठवडाभर बिर्याणीचा वास आणि घरात बिर्याणी नाही. मग वाटीत व्हिनेगर आणि भांड्याचा साबण. त्यात एक फळमाशी पडली, म्हणजे माझ्या केळ्यांची बदनामी पुन्हा सुरू. मग कडुनिंबाचं तेल फवारलं. त्या वासानं चिलटांना काय वाटलं ते माहीत नाही, पण माझी मुलगी सुट्टीत पुण्याहून दोन दिवसांसाठी आली होती ती एका दिवसात परत गेली. मग प्रत्येक कुंडीत कच्च्या बटाट्याची चकती ठेवली. अळ्या बटाट्याला जमतात आणि मग चकती उचलून टाकायची, असा बेत. अळ्या खरंच जमल्या. पण चकत्या उचलायचं काम कुणाचं, यावर आमचं एकमत झालं नाही. कुंडीकुंडीसमोर नैवेद्य ठेवल्यासारखं घर दिसायचं.

शेवटी पिवळी चिकट कार्डं आली. काडीला लावून मातीत खोचायची, पिवळ्या रंगावर चिलटं येऊन चिकटतात. चिलटं चिकटली, खोटं कशाला बोलू. त्याशिवाय आबांच्या धोतराचा सोगा चिकटला, माझी ओढणी चिकटली, आणि एकदा हे स्वतः कोपरानं चिकटले. कार्डं काळी होत होती आणि चिलटं तेवढीच होती. रोज जेवढी मरत होती तेवढी रोज जन्मत होती.

अशात रविवारी माझी नणंद आणि तिचे यजमान जेवायला आले. ते उचगावात राहतात. यजमानांचं कृषी सेवा केंद्र आहे, म्हणजे बी-बियाणं, खतं आणि मुख्य म्हणजे फवारणीची औषधं. आमचे हे त्यांना दाजी म्हणतात, म्हणून मीही दाजीच म्हणते. दाजींचा आवाज असा, की ते कुजबुजले तरी खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघतं. मटण होतं. तांबडा रस्सा होता, पांढरा रस्सा होता. तांबड्या रश्शाचं एक बरं असतं, त्यात काय पडलंय ते दिसत नाही.

दाजींनी पांढऱ्या रश्शाची वाटी तोंडाशी नेली आणि थांबले. "वैनी, आज मिरपूड भारी टाकलीया की!"

मी पांढऱ्या रश्शात मिरपूड टाकत नाही. मी त्यांच्या वाटीकडे बघितलं. मिरपुडीनं पाय हलवला.

"आगं आई गं," नणंद म्हणाली.

दाजींनी वाटी खाली ठेवली, हॉलभर नजर फिरवली आणि सगळं ओळखलं. धंदाच तो. "पावणं, ही कुंडीतली चिलटं. एक झाकण औषध बारडीभर पान्यात घाला, वता कुंडीत. दोन दिसात चिलट न्हाय की चिलटाचं नाव न्हाय. मी उद्या धाडून देतो."

"या घरात औषध येणार नाही," हे म्हणाले.

"मग काय पूजा करणार हायसा तेंची?"

"दाजी, ज्याचं दुकान विषाचं, त्याला विषच सुचणार."

हे बोलून गेल्यावर यांनाही कळलं असावं, पण भाकरीचा तुकडा हातात घेऊन ते तसेच ताठ बसले. दाजींनी ताट पुढं सारलं. नणंद म्हणाली, "दादा, त्या दुकानावर माझी दोन पोरं शिकली." मग तिनं हात धुतले. बासुंदी फ्रिजमध्येच राहिली. जाताना दाजी आबांच्या पाया पडले, माझा निरोप घेतला आणि यांच्याकडे न बघता लिफ्टमध्ये शिरले. आबा तेवढा वेळ खुर्चीत बसून तांबडा रस्सा भुरकत होते. "बरा झालाय गं रस्सा," ते मला म्हणाले. घरात निदान एक माणूस जेवला.

त्यानंतर यांनी हट्टानं पुन्हा सगळं वाचून काढलं. सगळ्या उपायांच्या मुळाशी एकच गोष्ट होती, आणि ती फुकटची असल्यामुळं आजवर कुणाचं तिच्याकडे लक्ष गेलं नव्हतं: माती वाळू द्या. वरची दोन बोटं माती कोरडी पडली की अंडी मरतात, अळ्या मरतात. पाणी बंद. यांनी सगळ्या घराला तसं जाहीर केलं. मला सांगितलं, आबांना सांगितलं, धुण्याभांड्याच्या मावशींना सांगितलं. आबा टीव्ही बघत "हूं" म्हणाले.

आणि माती वाळेना.

हे रोज सकाळी प्रत्येक कुंडीत बोट खुपसायचे आणि ओलं बोट बघत उभे राहायचे. आठवडा गेला. "हवेत दमटपणा जास्त आहे," म्हणाले. मग त्यांना भिंतीतून पाणी झिरपत असल्याचा संशय आला. प्लंबर आला, त्यानं भिंतीवर थापा मारल्या, पुदिन्याचा वास घेतला, चहा घेतला आणि भिंत कोरडी असल्याचा निकाल दिला. मग संशय माझ्यावर आला. "तू तांदळाचं धुवण ओततेस का?" मी म्हटलं, "मी सकाळी सातला शाळेत जाते, आल्यावर स्वयंपाक करते, वह्या तपासते. तुमच्या जंगलात चोरून पाणी घालायला मला कधी वेळ मिळतो ते तेवढं मला सांगा, म्हणजे त्या वेळेत मी झोपेन." यावर ते पुन्हा भिंग घेऊन बसले.

एके दिवशी शाळेत बोर्डाच्या परीक्षेची बैठक व्यवस्था लावायची होती, म्हणून आम्हाला दुपारीच सोडलं. हे पेन्शनच्या कसल्याशा कामाला बाहेर गेले होते. आबा झोपले असतील म्हणून मी बेल न वाजवता किल्लीनं दार उघडलं.

आबा झोपले नव्हते. धोतर खोचून, काठी काखेत दाबून, एका हातात तांब्या घेऊन ते लिलीपाशी वाकले होते. आधी बोटानं त्यांनी खोडाभोवती गोल चर पाडला, उसाच्या सरीला पाडावा तितक्या निगुतीनं. मग तांब्याची धार त्या चरात सोडली. पाणी मुरेपर्यंत थांबले. मग एका हातानं शोकेस धरून पुढच्या कुंडीकडे सरकले. चालताना ऑपरेशनचा पाय ओढत होता. "पी, पी," ते फर्नला म्हणत होते. "मालकाला तुज्या कळना झालंय."

मी चपला न काढता तशीच दारात उभी होते. मला आधी हसू आलं आणि मग नजर त्या पायाकडे गेली.

"आबा, रोज पाणी घालताय?"

त्यांनी दचकून बघितलं नाही. चोरी करतोय असं त्यांना वाटतच नव्हतं. "मग? दुपारची पाळी माझी."

"अहो, त्यांनी पाणी बंद करायला सांगितलंय ना."

"म्हणून तर घालतोय. त्यो बंद करतोय, मावशीला बी दम दिलाय, मग पिकानं जायाचं कुटं?" तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी स्नेक प्लँटला घातलं. ज्या झाडाला महिना महिना पाणी लागत नाही, त्याला ते रोज पोटभर मिळत होतं. मग खुर्चीत बसता बसता ते म्हणाले, "दिसभर मी करू काय गं पोरी? टीव्ही मी बघतोय का टीव्ही मला बघतोय, त्येच कळत न्हाय. एवढं एक काम हाय."

मी आत जाऊन दोघांना चहा टाकला. भिंग होतं, कार्डं होती, बटाटे होते, प्लंबरसुद्धा येऊन गेला होता. पण ज्या माणसानं साठ वर्षं वाळलेली माती दिसली की पाणी सोडलं, त्याला कुंड्यांसमोर बसवून ठेवलंय, हे घरातल्या संशोधकाच्या ध्यानात आलं नव्हतं.

संध्याकाळी मी यांना हळूच सांगायचं ठरवलं होतं, पण आबांनीच आधी सांगून टाकलं, आणि तेही अभिमानानं. यांचा चेहरा लाल झाला.

"आबा, माझा सगळा प्रयोग तुम्ही वाया घालवलात!"

"प्रयोग?" आबा म्हणाले. "मला वाटलं झाडं हायती."

हे काहीतरी मोठ्यानं बोलले. त्यात "तुम्हाला सांगून समजत नाही" असं एक वाक्य होतं. आबा उठले, त्यांच्या खोलीत गेले आणि थोड्या वेळानं मी डोकावले तर पलंगावर पिशवी उघडी होती आणि ते एक एक सदरा घडी घालून आत ठेवत होते. "सकाळी जातो गावाकडं," ते म्हणाले. "हितं पाणी घालायची बी चोरी हाय."

मी बाहेर येऊन यांना सांगितलं. हे लिलीकडे बघत बसले होते. पिशवी भरतायत म्हटल्यावर त्यांचा ताठा गेला, पण आत जाऊन दोन शब्द बोलायचं त्यांना सुधरेना. बँकेत हजार माणसांना कर्ज नाकारलेला हा माणूस. "चुकलं" हा शब्द मात्र त्याच्या शाखेत मिळत नाही. मग मीच परत आत गेले.

"आबा, आपली मागची गॅलरी रिकामी आहे. तिथं दुपारपर्यंत ऊन असतं. कढीपत्ता, पुदिना तसाही आत मरतोय, तो तिकडं न्या. आणि तुम्हाला काय लावायचं ते लावा. पाणी किती घालायचं ते तुमचं तुम्ही बघा. हॉलमधल्या कुंड्यांना तेवढं हात लावायचा नाही. तो यांचा बांध, गॅलरी तुमचा."

आबांनी घडी घातलेला सदरा हातात धरून विचार केला. "गॅलरीत नळ हाय?"

"आहे."

"पाणी किती येळ येतंय?"

मी पिशवीतले सदरे काढून कपाटात ठेवले. त्यांनी अडवलं नाही.

आता हॉलमधली माती खरंच वाळायला लागली. पण जी अंडी आधीच घातली होती त्यांच्यातून चिलटं निघतच होती, आणि यांचा धीर सुटत चालला. मग एका सकाळी यांनी उचगावला फोन लावला. बराच वेळ हवापाण्यावर बोलले, उसाच्या तोडीवर बोलले, आणि मग एकदम म्हणाले, "दाजी, त्या दिवशी मी जरा जास्त बोललो." पलीकडचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. "आवो पावणं, बासुंदी राहिली माझी, त्येचं काय ते बोला!"

त्या संध्याकाळी दाजी आणि नणंद आले. दाजींच्या हातात एक पाकीट होतं. ते त्यांनी टेबलावर आपटलं. "ह्ये घ्या. जिवाणूची पावडर हाय. पान्यात कालवायची, वतायची. नुसत्या अळ्या मरत्यात. माणसाला न्हाय, झाडाला न्हाय, गांडुळाला बी न्हाय. तुमचं सेंद्रियच."

"हे तुमच्या दुकानात मिळतं?"

"आता कोण काय मागंल सांगता येतंय व्हय? सगळं ठेवाय लागतंय."

यांनी पाकिटावरचं बारीक अक्षर भिंगातून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. कुठं विष सापडतंय का बघत होते. सापडलं नाही. मला वाटतं त्यांना थोडं वाईटच वाटलं.

पुढं पुष्कळ आठवडे तेच चाललं. पाणी वरून नाही, कुंडीखालच्या थाळीतून; थाळीत उरलेलं अर्ध्या तासात ओतून टाकायचं. मातीवर वाळूचा थर. पावडर आठवड्याला एकदा. कार्डं मातीलगत आडवी, म्हणजे ओढण्या वाचल्या. गडमुडशिंगीचं उरलेलं खत झाकून गच्चीत नीट कुजायला ठेवलं. शेजारीण परत लिफ्टनं यायला लागली. चिलटं एका रात्रीत गेली नाहीत. कमी झाली, मग आणखी कमी झाली, मग एक दिवस कार्ड पिवळंच्या पिवळं राहिलं. या वाळवण्यात लिली गेली. हे म्हणाले, तिची मुळं अळ्यांनी आधीच खाल्ली होती. असेल. ती संपूर्ण सेंद्रिय पद्धतीनं गेली, एवढं समाधान.

गॅलरीत आबांनी मेथी टाकली, मिरची लावली. पहिल्या आठवड्यात खालचा कापड दुकानदार वर आला, त्याच्या ताडपत्रीवर वरून धार लागली होती. आबांनी त्याला बसवून घेतलं, त्याचं मूळ गाव विचारलं, आणि तो भांडायला आलेला माणूस मिरचीला काय घालायचं ते सांगून गेला. आता गॅलरीत बादल्या लावल्यात. सकाळी यांची हॉलमधली पाहणी झाली की हे स्टूल घेऊन तिकडं जातात. आधी नुसते उभे राहायचे. आता बसतात. आबा सांगतात, हे ऐकत नाहीत, मग दोघं मिरचीकडे बघत बसतात. एवढा वेळ हे बापलेक एका जागी बसलेले मी लग्न झाल्यापासून पाहिले नव्हते.

परवा मिरचीची पानं आखडली. आबांनी परस्पर जावयाला फोन करून औषध मागवलं. दाजी नणंदेला आणि बाटलीला घेऊन आले, तर हे गॅलरीच्या दारात आडवे. "या घरात विष येणार नाही!"

"ही गॅलरी हाय, घर न्हाय," आबा आतून म्हणाले. "आन् बांध माझा हाय."

तिघांचे आवाज चढले. नणंद आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि चहा प्यायलो. मला मिरच्या मंडईत मिळतात.